मालदीवची वाळू एका जागी थांबत नाही

मालदीवला येऊन मला चार वर्षं झाली, रिसॉर्टवर मेंटेनन्सला आहे, आणि घरून फोन आला की प्रश्न ठरलेला, तिकडची वाळू खरंच एवढी पांढरी असते का रे? असते. इथे ना नदी ना डोंगर, बहुतेक वाळू म्हणजे पोवळ्यांचा चुरा, आणि त्यातली बरीचशी पॅरटफिश नावाचा मासा बनवतो, चोचीसारख्या दातांनी मेलेलं पोवळं खरवडतो आणि मागून बारीक वाळू सोडतो. पाण्यात डोकं घातलं की त्याचं कुडुम कुडुम खाणं चक्क ऐकू येतं.

तर ही वाळू वर्षभर बेटाभोवती फिरते. नैऋत्य मोसमात, ज्याला इथले लोक हुलहांगु म्हणतात, पश्चिमेची वाळू पूर्वेकडे सरकते आणि इरुवाइ म्हणजे ईशान्येचा वारा लागला की माघारी येते. इथल्या म्हाताऱ्यांना त्याचं काही नवल नाही, पण गेस्टने बीचचे पैसे भरलेले असतात ना, त्यामुळे रूमसमोरची वाळू गेली की पळापळ, पोती रचा, दगडांचा बांध घाला, नाहीतर लगूनमधून, म्हणजे बेटालगतच्या उथळ पाण्यातून, पंपाने वाळू उपसून किनाऱ्यावर टाका. तो पाईप मी स्वतः धरलाय. पाणी ताकासारखं पांढरं होतं आणि सगळा गाळ जाऊन बसतो पोवळ्यांवर. 1998 ला आणि परत 2016 ला समुद्र तापून इथली पोवळी आधीच मोठ्या प्रमाणात मेलीत, उरलेली आपण अशी गाडायची आणि मग नवीन वाळू येणार कुठून? बांधाचं तर अजून वाईट, एका बाजूला वाळू अडली की दुसऱ्या बाजूची नारळाची झाडं मुळासकट आडवी होतात.

समुद्री गवताची तीच गत, फोटोत पाणी काळपट दिसतं म्हणून उपटायचं, आणि वाळू धरून ठेवतं तेच गवत.

जानेवारी 2025 पासून रिसॉर्टचा ग्रीन टॅक्स, म्हणजे पर्यटकांकडून घेतला जाणारा पर्यावरण कर, माणशी रात्रीला 6 चे 12 डॉलर झालाय, त्यावरून ओळखीचे लोक मला ऐकवतात. मला तो पटतो, राजधानी मालेजवळ थिलाफुशी हे अख्खं बेट कचऱ्याच्या भरावावर उभं आहे, ते एकदा बोटीतून बघा. फक्त बुकिंग करताना एवढं विचारा की तुम्ही वाळू पंप करता का. गेस्टने विचारलेलं इथे लगेच वरपर्यंत पोचतं, आम्ही सांगितलेलं नाही पोचत.

आत्ता आमच्या जेटीच्या पश्चिमेला बीच नाहीये. जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत येईल, तोवर पंप लावू नका म्हणून मी साहेबांच्या मागे लागलोय.