आमची वाटचाल : आधी कागद, मग क्रेन

आम्ही सुरुवात केली ती इंजिन बांधण्यापासून. थोरला भाऊ लेथवर, मी पान्यांवर आणि आमचा एक मित्र वेल्डिंगला. जुन्या स्पोर्ट्स कार यायच्या. रिबोअर, बेअरिंग, हेडचं काम, एसयू कार्बोरेटरची (हवा-पेट्रोल मिसळून देणाऱ्या भागांची) जोडी एका सुरात आणणं, हा आमचा धंदा. काम भरपूर होतं आणि आवडीचं होतं. इंजिन बदलून देण्याचा विचारही आमच्या डोक्यात नव्हता. तो आणला अर्धवट राहिलेल्या गाड्यांनी.

अशा गाड्या ट्रेलरवरून यायच्या. बॉनेट काढलेलं, इंजिनाच्या जागी दुसऱ्याच गाडीचं इंजिन तिरकं टेकवलेलं, वायरिंग मधूनच कापलेलं आणि सुटे भाग खोक्यांत. मालकाची हकिकत दर वेळी तीच : इंजिन चांगलं मिळालं म्हणून घेऊन टाकलं, मग गाडीत बसवायला काढलं. सम्प, म्हणजे इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं, क्रॉसमेंबरला (गाडीच्या आडव्या पट्टीला) लागला, म्हणून सम्प कापला. सम्प उथळ झाला, म्हणून वळणावर ऑइलचा दाब पडायला लागला. तो टाळायला इंजिन वर उचललं तर बॉनेट लागेना. मागे सरकवलं तर गिअरबॉक्स टनेलमध्ये, म्हणजे गाडीच्या मजल्यातल्या त्याच्या बोगद्यात, अडकला. कुठेतरी पैसे संपले, कुठे उमेद संपली, आणि गाडी वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली गेली.

या गाड्या सोडवता सोडवता आमच्या लक्षात आलं की यातली जवळजवळ प्रत्येक अडचण पहिला नट सैल करण्याआधी कळण्यासारखी होती. टेप, ओळंबा, अँगल मोजायचं गेज आणि शांतपणे काढलेले काही दिवस, एवढंच त्यासाठी लागतं. तेव्हा आम्ही ठरवलं की योजना हे वेगळं काम धरायचं. गाडी मोजायची, इंजिन मोजायचं, सगळं लिहून काढायचं आणि ते कागद मालकाच्या हातात द्यायचे. त्याला हवं तर त्याने पुढचं काम दुसरीकडे करून घ्यावं. सुरुवातीला लोकांना हे रुचलं नाही. ‘कागदाचे पैसे कसले घेता?’ असं तोंडावर विचारणारे भेटले. पण त्या कागदांवरून ज्यांच्या गाड्या पूर्ण झाल्या त्यांनीच पुढची गिऱ्हाइकं पाठवली, आणि आमचा धंदा हळूहळू त्या बाजूला वळला.

योजनेचा पहिला प्रश्न असतो : इंजिन बदलायचं कशासाठी? मूळ इंजिन मिळत नाही म्हणून, हायवेवर निवांत चालवता यावी म्हणून, की नुसती ताकद हवी म्हणून? यातल्या प्रत्येक उत्तराला वेगळं इंजिन योग्य असतं. ज्याला डोंगराळ रस्त्यांवर गाडी खेळवायची आहे त्याच्या गाडीच्या नाकावर जड लोखंडी इंजिन लादलं, तर गाडी सरळ रस्त्यावर पळेल आणि वळणावर रुसेल. म्हणून आम्ही आधी चारही चाकांखाली काटे ठेवून गाडी तोलतो. इंजिनाचं वजन, गिअरबॉक्सचं वजन आणि बॅटरी कुठे जाणार हे धरून नवा तोल कागदावर मांडतो. पुढच्या चाकांवर किती भार वाढेल ते कळलं की स्प्रिंग आणि ब्रेक या दोन्हींचा हिशेब तिथूनच सुरू होतो.

आमच्या कामाची दिशा ठरवणारी एक गाडी म्हणजे १९६०च्या दशकातली एक एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार. एक ताई ती घेऊन आल्या होत्या. गाडी त्यांच्या वडिलांची, आणि ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य अंगाला, तडा गेलेला. त्यांनी विचारलं, ‘‘दादा, इंजिन बदललं तर ही गाडी बाबांचीच राहील ना?’’ भावाने तिथल्या तिथे सांगितलं, ‘‘ताई, उद्या तुम्हाला जुनं इंजिन परत बसवावंसं वाटलं तर बसवता येईल, अशीच करून देतो.’’ तो शब्द पुढे आमच्या वर्कशॉपचा नियम झाला. चासीला कटर लागणार नाही. माउंटिंगचे नवे ब्रॅकेट मूळ भोकांवरच येतील. काढलेलं इंजिन ऑइल लावून, तोंडं बंद करून, नंबरासकट मालकाकडे परत जाईल. इंजिन नंबर बदलला की नोंदणीच्या कागदांतही तो बदलून घ्यावा लागतो. तेव्हा परवानगी आणि विमा यांची विचारणा योजनेच्या पहिल्याच पानावर असते.

एमजीबीचा इतिहास या बाबतीत फार शिकवतो. १९६२ साली ती आली तेव्हा तिच्यात १७९८ सीसीचं चार सिलिंडरचं लोखंडी इंजिन होतं, ताकद ९५ अश्वशक्ती. पुढे १९७३ ते १९७६ या काळात कारखान्याने स्वतःच एमजीबी जीटी व्ही-८ काढली. तिच्यात रोव्हरचं ३५२८ सीसीचं इंजिन होतं. त्याचं मूळ अमेरिकेत, ब्युइकने १९६१ सालासाठी काढलेल्या ॲल्युमिनियमच्या व्ही-८मध्ये. आठ सिलिंडर असूनही ॲल्युमिनियममुळे त्याचं वजन त्या लोखंडी चार सिलिंडरच्या आसपासच, किंबहुना थोडं कमीच. म्हणजे गाडीचा तोल फारसा न बिघडता ताकद १३७ अश्वशक्तीवर गेली, आणि टॉर्क, म्हणजे इंजिनाचा पिळाचा जोर, जवळपास १५० न्यूटन-मीटरवरून २६०च्या घरात. शिवाय बॉनेटला फुगवटा द्यावा लागू नये म्हणून दोन्ही कार्बोरेटर इंजिनाच्या मागच्या बाजूला नेले. मला ही कल्पना आजही फार सुंदर वाटते. जागा नाही म्हणून पत्रा कापण्याऐवजी त्यांनी हवेचा रस्ता बदलला.

याच्या उलट उदाहरण सनबीम टायगरचं. १९६४ सालची ही गाडी म्हणजे सनबीम अल्पाइनच्या अंगात बसवलेलं फोर्डचं ४.२ लिटरचं व्ही-८. पहिली नमुना गाडी अमेरिकन रेसिंग ड्रायव्हर आणि गाड्या बनवणाऱ्या कॅरोल शेल्बीच्या देखरेखीखाली बनली. गाडी अप्रतिम, पण जागा इतकी कमी की इंजिन बसावं म्हणून कारखान्यात फायरवॉलचा (इंजिन आणि बसायची जागा यांच्या मधल्या भिंतीचा) पत्रा घणाने ठोकून आत घेत. मागच्या कोपऱ्यातला एक स्पार्क प्लग काढायचा तर गाडीच्या आतून, रबरी बूच काढून हात घालावा लागतो. नवीन गिऱ्हाइकाला मी हे आवर्जून सांगतो. इंजिन बसलं, इतक्यावर काम संपत नाही. ऑइल फिल्टर, प्लग, स्टार्टर, क्लच यांच्यापर्यंत पाना पोचला पाहिजे, आणि तो गाडी उभी असताना पोचला पाहिजे, इंजिन पुन्हा उतरवून नव्हे.

मोजमाप आम्ही असं करतो. जुनं इंजिन काढण्याआधी क्रँकची (इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याची) मध्यरेषा गाडीत कुठे आहे, जमिनीपासून किती उंच, किती अंश मागे झुकलेली, हे ओळंबा सोडून जमिनीवर खडूने उतरवून घेतो. ती रेषा सापडली की बाकी सगळं तिच्याभोवती मांडता येतं. नवीन इंजिनाचा रिकामा ब्लॉक असला तर उत्तम. नसला तर प्लायवूड आणि पुठ्ठ्याचा त्याच मापाचा सांगाडा करतो. हा सांगाडा दोन माणसं सहज उचलतात, त्यामुळे एका दुपारी पाच ठिकाणी ठेवून बघता येतो. बॉनेटसाठी एअर क्लीनरवर आणि मॅनिफोल्डवर मातीकामाच्या मऊ मातीच्या गोळ्या ठेवतो, बॉनेट हळूच लावून पुन्हा उघडतो आणि चपटलेली माती मोजतो. इंजिन रबरी माउंटिंगवर असतं आणि ॲक्सिलरेटर दाबला की एका अंगावर झुकतं. म्हणून चारही बाजूंनी किमान १५ ते २० मिलिमीटर मोकळं हवंच. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघतो. स्प्रिंग काढून चाकं जॅकने वर-खाली नेऊन बघतो. एक्झॉस्टचा पाइप स्टिअरिंग शाफ्टजवळून जात असेल तर मधे उष्णतेचं कवच कुठे बसेल, तेही तेव्हाच ठरतं.

मागच्या बाजूला, म्हणजे गिअरबॉक्सपासून चाकांपर्यंत, लोकांचं लक्ष कमी जातं आणि आमचा वेळ सर्वांत जास्त तिथेच जातो. इंजिन एका घराण्याचं आणि गिअरबॉक्स दुसऱ्या घराण्याचा असला की दोघांना जोडायला मधे अडॅप्टर प्लेट येते. प्लेट विकत मिळाली तरी बेलहाउसिंग (गिअरबॉक्सचं इंजिनाला जोडणारं घंटेसारखं तोंड) क्रँकशी एकमध्य आहे की नाही हे डायल गेज लावून बघावंच लागतं. साधारण ०.१३ मिलिमीटरच्या पलीकडे फरक गेला तर पायलट बेअरिंग (क्रँकच्या टोकाचं बेअरिंग) आणि त्यात टेकणारा गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट दोन्ही अकाली जातात. फ्लायव्हील, म्हणजे क्रँकच्या मागच्या टोकाचं जड चाक, त्याच्या बॅलन्सचंही तसंच. फोर्डच्या ३०२ व्ही-८मध्ये १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत २८ औंस-इंचाचा बॅलन्स (एका बाजूला मुद्दाम ठेवलेलं जादा वजन) होता, नंतर तो ५० झाला. दोन्ही फ्लायव्हील हातात सारखीच वाटतात. चुकीचं लावलं तर इंजिन असं थरथरतं की माणूस माउंटिंग बदलत बसतो.

प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या आसापर्यंत जाणाऱ्या दांड्याचा, कोन हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. त्याच्या दोन्ही टोकांना असलेला युनिव्हर्सल जॉइंट (कोनात फिरू देणारा सांधा) वाकून फिरतो तेव्हा पुढे जाणारा वेग एकसारखा राहत नाही, एका फेऱ्यात दोनदा वाढतो आणि दोनदा घटतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे ठेवले, म्हणजे गिअरबॉक्सचा शाफ्ट आणि डिफचा (मागच्या आसातल्या गिअरपेटीचा) पिनियन एकमेकांना समांतर राहिले, तर पहिल्या जॉइंटने घातलेला हेलकावा दुसरा पुसून टाकतो. प्रत्येक जॉइंटला साधारण एक ते तीन अंश ठेवावेत. अगदी शून्यही नको, कारण मग जॉइंटमधल्या सुया फिरतच नाहीत आणि एकाच जागी खड्डे पाडतात. बॉनेटखाली जागा व्हावी म्हणून इंजिनाचं नाक उचललं की हा कोन बदलतो, आणि १०० किमीच्या वेगाला पायाखाली घुमल्यासारखा आवाज यायला लागतो. गाड्या या आवाजासाठी चाकांचं बॅलन्सिंग पुन्हा पुन्हा करून आमच्याकडे आलेल्या आहेत.

डिफचं प्रमाणही, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे, कागदावरच ठरवायचं. १६५/८० आर १४ टायरचा घेर साधारण १.९५ मीटर, म्हणजे १०० किमी वेगाला चाक मिनिटाला ८५६च्या आसपास फेरे घेतं. मूळ एमजीबीचा ३.९०९चा डिफ असेल तर डायरेक्ट टॉप गिअरमध्ये (इंजिन आणि शाफ्ट सारखेच फिरतात त्या गिअरमध्ये) इंजिन जवळपास ३३५० आरपीएमवर फिरतं. कारखान्याने व्ही-८ला दिलेला ३.०७ घातला तर २६३०वर येतं. भरपूर टॉर्क असलेलं इंजिन जुन्याच डिफवर ठेवलं तर ते कारण नसताना ओरडत राहतं. गुणाकार पाच मिनिटांचा आहे, पण त्यावर गाडीचा सगळा स्वभाव ठरतो.

थंड करण्याचं गणित ढोबळ असलं तरी सोडून चालत नाही. पेट्रोल इंजिनात जळलेल्या इंधनाची साधारण एक तृतीयांश ऊर्जा क्रँकवर मिळते, तेवढीच एक्झॉस्टमधून जाते आणि उरलेली बहुतांशी पाण्याला द्यावी लागते. ताकद दीडपट झाली की पूर्ण जोरावर रेडिएटरवरचा भारही त्याच अंगाने वाढतो. नुसता मोठा रेडिएटर पुरत नाही. आत आलेल्या गरम हवेला बाहेर जायला वाट लागते, नाहीतर ती फायरवॉलशी कोंडून राहते आणि गाडी ट्रॅफिकमध्ये तापते.

वायरिंगसाठी आमच्याकडे माणूस नव्हता आणि ते काम आम्ही बाहेर देत असू. मग एक मुलगी शिकाऊ म्हणून आली. आज संपूर्ण इलेक्ट्रिकल विभाग तीच बघते, आणि तिच्या सहीशिवाय आमची कुठलीही योजना मालकाकडे जात नाही. तिने पहिल्या महिन्यातच एक सवय लावली : एकही वायर कापायची नाही, जुना हार्नेस, म्हणजे वायरींचा पूर्ण जुडगा, लेबलं लावून आख्खा बाहेर काढायचा. इंजेक्शनचं इंजिन आलं की इंधनाचा दाब कार्बोरेटरच्या ०.२ ते ०.४ बारवरून ३ ते ४ बारवर जातो. जुनी पाइपलाइन, जुने रबरी होज, साध्या क्लिप यांतलं काहीच त्याला चालत नाही. टाकीत आडपडदे नसतील तर वळणावर पंप हवा ओढतो, म्हणून मधे पेट्रोल साठवणारी छोटी सर्ज टँक लागते. हा सगळा भाग तिच्या आराखड्यात रंगीत रेघांनी असतो. मालकांना तोच आराखडा सर्वांत जास्त आवडतो.

आता आम्ही पाच जण आहोत. जागा वाढली, तोलायचे काटे स्वतःचे झाले, लेथ बदलला. काही कामं आम्ही घेत नाही. मूळ नंबराचं, चालू स्थितीतलं इंजिन असलेली दुर्मीळ गाडी आली तर आम्ही इंजिन बांधून देतो, बदलून देत नाही, आणि तसं का ते समोर बसवून सांगतो. ब्रेकला हात न लावता फक्त ताकद वाढवून मागणाऱ्यालाही नाही म्हणतो. त्यात काही ओळखीची माणसं दुखावली गेली, तरी त्या नियमात बदल होणार नाही.

सध्या वर्कशॉपमध्ये एक डॅटसन २४० झेड आहे. तिच्या मालकाला मोठं अमेरिकन व्ही-८ हवं होतं. त्याच्यासाठी दोन योजना केल्या. एक व्ही-८ची, बरीच पानं असलेली. दुसरी एल-२८ या डॅटसनच्याच इंजिनाची. २४० झेडमध्ये मूळचं एल-२४ हे २३९३ सीसीचं सहा सिलिंडरचं इंजिन, आणि एल-२८ त्याच घराण्यातलं, २७५३ सीसीचं, जे पुढे १९७५ साली २८० झेडमध्ये आलं. माउंटिंग तेच, गिअरबॉक्स तोच, क्रँकची रेषा तीच. ही योजना दीड पानात मावली. त्याने दोन्ही घरी नेऊन वाचल्या आणि आठवड्याने फोन करून सांगितलं, ‘‘दादा, दीड पानांची करू या.’’ एल-२८चा ब्लॉक भावाच्या लेथजवळ आला आहे. बोअरची मापं झाली की पिस्टनची ऑर्डर जाईल, आणि डिफचं प्रमाण ठरवायला मालक शनिवारी येणार आहे.