चुनखडीतली पिवळी मोसंबी

मोसंबी पिवळी पडली की आपल्याकडे लगेच शेणखताची ट्रॉली मागवली जाते. आधी कोणतं पान पिवळं पडलंय ते बघा. शेंड्याचं कोवळं पान पिवळं आणि शिरा मात्र हिरव्यागार, जाळीसारख्या उठून दिसत असतील तर लोह कमी आहे. पानं बारीक, अरुंद, शेंड्याला गुच्छ झालेली आणि शिरांच्या मधे पिवळे पट्टे, तर जस्त. जुन्या पानाच्या देठाकडे हिरवी पाचर उरून बाकी पान पिवळं, तर मॅग्नेशियम. जुनं पान अख्खंच फिकट झालं असेल तर नत्र.

जालना, अंबड, पैठणकडच्या बागांत बहुतेक वेळा दुखणं पहिल्या दोन प्रकारांचं असतं. लोह मातीत भरपूर असतं, पण चुनखडी आणि ८ च्या वरचा सामू (मातीचा pH) ते मुळांना मिळू देत नाही. खात्री करायची तर एक फूट आणि दोन फूट खोलीवरचं ढेकूळ घेऊन त्यावर पातळ केलेल्या हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचे चार थेंब टाका. फसफसून फेस आला की चुना आहे. बरेचदा वरची माती गप्प असते आणि दोन फुटांवरची उकळल्यासारखी फसफसते. प्रयोगशाळेत नमुना देताना सामू, क्षारता आणि मुक्त चुना हे तिन्ही मागून घ्या. मुक्त चुना १० टक्क्यांच्या पुढे असेल तिथे नवी मोसंबी लावूच नये.

आता गंधक टाकून सामू उतरवायचा म्हणाल तर हिशेब करा. एकरात वरच्या अर्ध्या फुटात साधारण ९ लाख किलो माती असते. चुना ५ टक्के धरला तर ४५ टन. तो मारायला १४ टनांहून जास्त गंधक लागेल. म्हणजे सगळ्या रानाचा नाद सोडायचा आणि मुळांपुरतीच माती सुधारायची. जिप्समचाही उपयोग नाही. ते सोडियमने बिघडलेल्या चोपण जमिनीचं औषध आहे.

ताण तोडायच्या वेळी, म्हणजे बहरासाठी बंद ठेवलेलं पाणी पुन्हा सुरू करताना, झाडाच्या घेराच्या कडेला चार बाजूंना फूटभर खोल, फूटभर रुंद खड्डे घ्या. चारही खड्ड्यांत मिळून २० किलो पूर्ण कुजलेलं शेणखत आणि पाव किलो गंधकाची भुकटी, नीट कालवून भरा. गंधकाचं आम्ल जिवाणू करतात, त्यांना ओल आणि ऊब लागते. कोरड्या खड्ड्यात भुकटी जशीच्या तशी सापडते. फेरस सल्फेट चुनखडीत नुसतं फेकू नका, ते गंजून वाया जातं. १० किलो फेरस सल्फेटला १०० किलो ओलसर शेणखत या प्रमाणात घेऊन आठवडाभर गोणपाटाखाली झाकून ठेवा, मग त्याच खड्ड्यांत द्या. प्रमाणित सेंद्रिय बाग असेल तर प्रमाणन संस्थेची परवानगी आधी घ्यावी लागते.

लगेच हिरवं दिसायला फवारणीच हवी: १० लिटर पाण्यात आधी १० ग्रॅम लिंबूसत्व, मग ५० ग्रॅम फेरस सल्फेट. क्रम उलटा झाला तर बोअरच्या पाण्यात द्रावण तपकिरी होतं. तसं झालं तर ओतून द्या. कोवळ्या नवतीवर (नव्या फुटीवर), उन्हं उतरल्यावर, १५ दिवसांनी पुन्हा. जुनी पानं यातून सुधारत नाहीत.

पाणी मात्र लोक विसरतात. काळ्या रानात पाणी साचलं की चुन्यातून बायकार्बोनेट सुटतं आणि लोह आणखी अडतं. पावसाळ्यात बाग अचानक पिवळी पडते ती त्यामुळेच. अशा वेळी खत थांबवा, चर काढा, वाफसा येऊ द्या, म्हणजे जादा पाणी निघून माती नुसती ओलसर राहू द्या. ठिबक असलं तरी रोज भिजवू नका.

आणि चुलीची राख मोसंबीच्या आळ्यात कृपया टाकू नका. ती स्वतःच चुन्यासारखी सामू वाढवणारी असते.