मुरानो-बुरानो आपलं आपण, आणि त्याआधीचे एक तास पन्नास मिनिटं

व्हेनिसला जहाजाने जाणारं कोणी भेटलं की मी आता पहिला प्रश्न विचारते, खाली उतरायची चिठ्ठी कधी घेणार? बोटींचे नंबर, तिकिटाची मशिनं, इटालियन भाषा, या सगळ्याची धास्ती आम्ही नाशिकहूनच बरोबर घेऊन निघालो होतो. अडकलो मात्र आमच्याच जहाजाच्या थिएटरमध्ये, लाल मखमली खुर्च्यांवर.

आम्ही तिघं. मी, आमचे हे आणि माझ्या मोठ्या नणंदबाई, ताई. ताईंच्या घरी फोनच्या स्टँडपासून मिक्सरपर्यंत प्रत्येक वस्तूला क्रोशाचं झबलं असतं. त्या आल्याच होत्या बुरानोची लेस बघायला. बाकीचं व्हेनिस राहिलं तरी चालेल, असं त्यांनी कसारा घाटातच सांगून टाकलं होतं.

जहाजाची तीन बेटांची सहल होती. मुरानो, बुरानो, तोर्चेल्लो. तिघांचे मिळून जे पैसे होत होते त्यात येवल्याला जाऊन एक बरी पैठणी आली असती. ह्यांनी कागदावर हिशेब मांडला. तिथल्या सार्वजनिक बोटीचं ७५ मिनिटांचं तिकीट साडेनऊ युरो, २४ तासांचा पास २५. तीन वेळा बोटीत बसलं की पास वसूल. जाऊ आपले आपण, ठरलं.

आता मुख्य दुखणं. २५ हजार टनांवरच्या जहाजांना १ ऑगस्ट २०२१ पासून जुन्या शहरासमोरून जायला बंदी आहे. त्यामुळे आमचं जहाज लागलं मार्गेराच्या औद्योगिक बंदरात. समोर क्रेन, टाक्या, कंटेनर. तिथून पायी बाहेर पडता येत नाही, जहाजाचीच शटल बस घ्यावी लागते. पावणेआठला आम्ही पाण्याच्या बाटल्या भरून काउंटरवर हजर. पुढे चाळीसेक माणसं. शटलचे पैसे वेगळे, ते भरल्यावर हातात एक गुलाबी चिठ्ठी, नंबर २३. "थिएटरमध्ये बसा, नंबर पुकारू."

आठ वाजता पुकारा झाला, नंबर ४. मग सहलवाले उठले. छातीवर हिरवे स्टिकर, पुढे पाटी घेतलेला गाईड. मग निळे स्टिकर. मग पिवळे. आमच्यासारख्या बिनस्टिकरवाल्यांचा नंबर मध्येच कधीतरी, देवळात अभिषेकवाले आत गेले की दर्शनाची रांग चार पावलं सरकते तसा. साडेआठला नंबर ९. मी काउंटरवरच्या मुलीला विचारलं, तिने गोड हसून सांगितलं, "शॉर्टली, मॅडम." पावणेनऊला परत विचारलं. शॉर्टली. नऊला मी नुसती समोर जाऊन उभी राहिले, तर तिने आधीच हसायला सुरुवात केली.

हे तेवढ्यात दुसरा नाश्ता करून आले. त्याचाच मला जास्त राग आला. "अहो, काहीतरी बोला ना!" तर म्हणाले, "इथे काय सीबीएसचा एसटी स्टँड आहे, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायला?" ताई शांतपणे क्रोशा काढून विणत होत्या. नंबर २३ येईपर्यंत त्यांचा एक अख्खा रुमाल झाला. मी घड्याळात पाहिलं, नऊ पन्नास. आणि बसमध्ये चढलो तर निम्म्या सीटा रिकाम्या! एवढा वेळ आम्ही नेमकं कशासाठी बसलो होतो, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

त्या दिवशी खोलीत परत आल्यावर उलगडा झाला. जहाजाच्या आदल्या दिवशीच्या पत्रकात, चौथ्या पानावर, स्पाच्या जाहिरातीखाली मुंगीएवढ्या अक्षरात छापलं होतं की शटलची चिठ्ठी आदल्या संध्याकाळपासून मिळते. तेव्हा ते पत्रक चष्मा लावून शेवटपर्यंत वाचा.

पुढचं सगळं लोण्यासारखं. व्हेनिसच्या बसस्टँडवरून, पिआझ्झाले रोमाहून, ३ नंबरची बोट थेट मुरानोला. चढण्याआधी धक्क्यावरच्या मशिनला पास टेकवायचा, विसरलात तर दंड. मुरानोत भट्टी पाहिली. आगीच्या भीतीने १२९१ साली व्हेनिसमधल्या काचभट्ट्या या बेटावर हलवल्या, तेव्हापासून धंदा इथेच. कारागिराने सळईच्या टोकावरचा लालभडक गोळा चिमट्याने चार ठिकाणी ओढला, एक पिरगळा दिला आणि मिनिटभरात मागच्या पायांवर उभा घोडा. बाहेरची वाट अर्थातच दुकानातून. घ्यायचंच असेल तर 'वेत्रो आर्तिस्तिको मुरानो' ही खूण बघून घ्या.

व्हिसाचं आत्ता आठवलं. जहाज मध्ये माँटेनेग्रोला थांबणार असेल तर तो देश शेंगेन या युरोपच्या सामायिक व्हिसाच्या गटात नाही, म्हणून परत शिरायला मल्टिपल एंट्रीच मागा.

मुरानोच्या दीपगृहाजवळून, फारो म्हणतात त्या धक्क्यावरून, १२ नंबरची बोट बुरानोला जाते. अर्ध्या तासाहून थोडी जास्त. घरांच्या रंगांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत, ते तसेच आहेत. ताई मात्र थेट लेसच्या संग्रहालयात. १८७२ ते १९७० इथे लेसची शाळा होती, त्याच इमारतीत. तिथे एक आजी मांडीवर गोल उशी घेऊन बसल्या होत्या. कापडावर आधी दोऱ्याने नक्षीची रेघ शिवून घेतात, मग सगळे टाके त्या रेघेच्या आधाराने, सुईने, वरच्यावर. त्याला नावच 'हवेतला टाका'. काम झालं की खालचे दोरे कापायचे, कापड बाजूला होतं आणि हातात फक्त लेस उरते. आजींनी कापून दाखवली. पूर्वी एकेक टाका एकेकीचा असायचा, एक नग सात बायकांच्या हातून जायचा. ताईंनी पर्समधून सकाळचा रुमाल काढला. आजींनी तो उलटा करून मागची बाजू पाहिली आणि मान डोलावली. "वहिनी, पाहिलंस? उलटी बाजू बघितली तिने," ताई मला दिवसभर सांगत होत्या. बाहेरच्या गाड्यांवरची स्वस्त लेस त्यांनी एका बोटाने बाजूला सारली. मशीनची!

तोर्चेल्लो राहिलं. बुरानोहून बोटीने पाच मिनिटं, ६३९ सालची बासिलिका, समोर घंटाघर दिसत होतं. पण साडेचारला जहाजावर हजेरी, आणि उलटा हिशेब केला तर बोट, मग व्हेनिसच्या फोंदामेंते नोव्हे धक्क्यावर बदलून दुसरी बोट, मग शटल, दोन तास धरायलाच हवेत. दोनच्या १२ नंबरला धक्क्यावर इतकी गर्दी की आम्ही तिघं राहिलो आणि बोट गेली. पुढची मिळाली, पोचलो चार वाजून दहा मिनिटांनी. दोनच्या पुढे तिथे थांबूच नका.

व्हेनिसचं २०२४ पासूनचं प्रवेश शुल्क ठरावीक दिवशीच असतं आणि जुन्या शहरापुरतं, या बेटांना नाही. तारीख आधी बघून ठेवा.

पुढचं बंदर स्प्लिट. त्याच्या आदल्या संध्याकाळी काउंटर उघडायच्या आधीच मी तिथे जाऊन उभी राहिले. तीच मुलगी होती. नंबर २.