गाविलगडाची पायपीट आणि बहिरमचे रोडगे

चिखलदऱ्याला गेला नाही असा माणूस आमच्या अमरावती जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. शाळेची सहल तिथंच, नवीन लग्न झालं की तिथंच, पहिला पाऊस पडला की अर्धी अमरावती गाड्या काढून तिथंच. पण त्यातल्या किती जणांनी गाविलगड आतून पाहिला हे विचारून बघा. देवी पॉइंट, भीमकुंड, हरिकेन पॉइंट, भाजलेलं कणीस, परत. किल्ल्याच्या पहिल्या दरवाजाशी दोन फोटो काढले की किल्ला झाला. मला हे बिलकुल पटत नाही. गाविलगड हा पॉइंट नाहीच, त्याला सकाळपासून दुपारपर्यंतचा वेळ द्यावा लागतो, पाय दुखवून घ्यावे लागतात, आणि मग खाली उतरून जे जेवण होतं ना त्याला वेगळीच चव असते.

यंदा जानेवारीत हे सगळं एका दिवसात बसवलं त्याला कारण आमचा दादा. चुलतभाऊ माझा, चेक रिपब्लिकमधे ब्रनो नावाच्या शहरात नोकरीला आहे, संक्रांतीला घरी आला होता. तिकडं राहून त्याला चालायचा नाद लागलाय. शनिवार आला की ट्रेन पकडायची, कुठल्यातरी खेड्यात उतरायचं, डोंगर चढायचा, वर एखादा पडका किल्ला, खाली गावात जेवण, संध्याकाळच्या ट्रेननं घरी. अंजनगावात आल्यावर दोन दिवस लोळून झाले आणि हा म्हणे, "चाल बे, कुठी तरी पायी फिरून येऊ." काकू म्हणाली, "तिकडून इतक्या दूर आला अन् इथंबी पायीच फिरतं का?"

तर निघालो. मी, दादा, वहिनी आणि काका. काकांना आम्ही नाही म्हणत होतो, गुडघे दुखतात त्यांचे, पण बहिरमच्या यात्रेचं नाव काढल्यावर ते थांबणार नव्हतेच.

परतवाड्यात सकाळी सकाळी गरम आलूबोंडा अन् त्यावर कढी, तळलेली मिरची, आणि मग घाट. घाट चढताना हवा बदलते ते काचेतून हात बाहेर काढला की कळतं. खाली कपाशी, तूर, संत्र्याचे बगीचे, वर सागाचं जंगल, पानं वाळायला लागलेली. वर गेल्यावर डावीउजवीकडे कॉफीची झाडं पण दिसतात, महाराष्ट्रात कॉफी म्हटली की चिखलदऱ्याचंच नाव निघतं, हे दादाला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. मोथ्याकडची स्ट्रॉबेरीवाली पोरं रस्त्याच्या कडेला बसली होती, एक डबा घेतला, तो गेटपर्यंतसुद्धा पुरला नाही.

किल्ला मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येतो म्हणून आधी वनखात्याचं तिकीट. पाणी खालूनच भरून घ्या, वर दुकान नाही की टपरी नाही, आणि ते बरंच आहे. आम्ही एका कोरकू, म्हणजे इथल्या आदिवासी, पोराला सोबत घेतलं वाट दाखवायला. तो पुढं, दादा त्याच्या मागं, आणि दादाची एक गंमत, हा प्रत्येक झाडाच्या बुंध्याकडं बघत चाललेला. मी म्हटलं काय पाहून राहिला बे? तर म्हणे सवय आहे, रंगाच्या पट्ट्या शोधतोय.

ते असं आहे की तिकडं चेक टुरिस्ट क्लब म्हणून संस्था आहे, १८८८ सालची, आणि त्यांनी अख्ख्या देशात पायवाटा रंगवून ठेवल्यात. झाडावर, दगडावर, खांबावर तीन आडव्या पट्ट्या, वरची खालची पांढरी आणि मधली लाल, निळी, हिरवी नाहीतर पिवळी. एक रंग धरायचा आणि चालत सुटायचं, फाट्यावर पाटी, पुढचं गाव किती किलोमीटर ते त्यावर लिहिलेलं. हे काम करणारे लोक स्वतःहून करतात, ब्रश आणि डबा घेऊन. मला ऐकून थोडा हेवा वाटला खरं. आपल्याकडं वाट म्हणजे "त्या बाभळीपासून उजवीकडं वळा" आणि ती बाभूळ मागच्या साली तोडलेली. पण दुसरं मन म्हणत होतं की सोबतचा पोरगा जे दाखवत होता, हे अस्वलानं उकरलं, इथं मोहाची फुलं वेचतो, ते कुठल्या पट्टीवर लिहिणार?

आता किल्ल्याचं. गवळ्यांचा इथं आधी मातीचा कोट होता म्हणतात, दगडी किल्ला बहमनी सुलतान अहमदशहानं १४२५ च्या सुमारास बांधला. पुढं फतहउल्ला इमादउल्मुल्कनं दुरुस्ती केली, हाच तो १४९० मधे वेगळा होऊन वऱ्हाडची इमादशाही काढणारा, राजधानी आपलं अचलपूर. आणि या माणसाची गोष्ट भारी आहे, मूळचा विजयनगर राज्यातला कानडी ब्राह्मण, लहानपणी युद्धात पकडला गेला आणि बहमनी दरबारात वाढला. म्हणून दिल्ली दरवाजासमोर उभं राहिलात की घाई करू नका, मान वर करा. दोन डोक्यांचा गंडभेरुंड पक्षी कोरलाय, चोचीत आणि पंज्यात हत्ती धरलेला. हे चिन्ह दक्षिणेतलं, विजयनगरकडचं. वऱ्हाडातल्या सुलतानाच्या दरवाजावर ते कसं आलं याचं उत्तर अभ्यासक फतहउल्लाच्या जन्मात शोधतात. आम्ही तिथं बराच वेळ बसलो. एक कुटुंब आलं, दरवाजाला पाठ करून सेल्फी घेतला आणि गेलं, वर कोणी पाहिलंसुद्धा नाही.

आत शिरलं की खरी चाल. किल्ला प्रचंड आहे, बाहेरचा कोट वेगळा, आतला वेगळा, मधे दरी. दक्षिणेकडं सरळ कडे, खाली वऱ्हाडचं मैदान धुरकट पसरलेलं. उत्तरेकडून मात्र चिखलदऱ्याच्या पठाराला चिंचोळ्या मानेनं जोडलेला आणि घात तिथूनच झाला. १८०३ साल. २९ नोव्हेंबरला अडगावला नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला, उरलेलं पायदळ किल्लेदार बेनीसिंगाबरोबर या किल्ल्यात येऊन बसलं. इंग्रजांच्या बाजूनं आर्थर वेलस्ली, हाच पुढं ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ मधे वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. त्याचा जोडीदार कर्नल स्टीव्हन्सन अचलपूरहून डोंगरातून रस्ता करत करत तोफा ओढून उत्तरेच्या बाजूला आला. १५ डिसेंबरला बाहेरच्या भिंतीला खिंडार पाडून आत घुसले, पण आतल्या कोटाचा दरवाजा हाती येईना. तेव्हा कॅम्पबेल नावाच्या कॅप्टननं दरी ओलांडून शिड्या लावल्या, भिंतीवरून उतरून दरवाजा आतून उघडला. बेनीसिंग लढताना मारला गेला. दोन दिवसांनी १७ डिसेंबरला भोसल्यांशी देवगावचा तह, आणि ३० तारखेला शिंद्यांशी तह झाला तो आमच्या सुर्जी अंजनगावात. मराठ्यांचं एवढं मोठं राजकारण महिनाभरात आमच्या आसपासच्या तालुक्यांत संपलं आणि आम्ही शाळेत ते पाठ केलं ते जणू लंडनमधे घडल्यासारखं!

ती दरी चढून वर आलात ना तर कॅम्पबेलचा राग पण येतो आणि दम पण लागतो. काका एका दगडावर बसले आणि म्हणाले, "मी इथीच बसतो, तुमी लढाई करून या."

पुढं तलाव लागतात, जुनी मशीद लागते, कमानी शाबूत, घुमट काही उभे काही गेलेले, कोपऱ्यात दगडी जाळीचं काम इतकं नाजूक की वहिनी हात लावून बघत राहिली. गवतात पडलेली मोठी तोफ, तिच्यावर माकडाचं पिल्लू बसलेलं. भिंतीतून वडपिंपळ फुटलेत. काही ठिकाणी दुरुस्ती दिसते, काही ठिकाणी नुसता दगडांचा ढीग. दादाचं म्हणणं की पडका किल्ला पडकाच बरा. ब्रनोपासून जवळ पालावा म्हणून चुनखडीच्या टेकड्या आहेत, तिथं देविचकी नावाचा किल्ला, १६४५ च्या सुमारास माघार घेताना स्वीडिश सैन्यानं जाळला तो अजून तसाच उभा, चार भिंती आणि आभाळ. त्याच डोंगराखाली दोल्नी व्येस्तोनित्से गावात १९२५ साली भाजक्या मातीची बाईची मूर्ती सापडली, वीतभरही नाही पण पंचवीस हजार वर्षांहून जुनी. लोक मुलंबाळं घेऊन डोंगर चढतात, भिंतीवर बसून डबा खातात, उतरतात ते थेट द्राक्षाच्या मळ्यात आणि वाइनच्या तळघरात. किल्ला, चालणं आणि जेवण हे त्यांच्याकडं एकच काम आहे, तीन वेगळी नाहीत. आपल्याकडं किल्ला इतिहासवाल्यांचा, चालणं ट्रेकवाल्यांचा आणि जेवण सगळ्यांचं. तिथं माझं दादाशी एकदम जमलं.

दुपार कलायच्या आधी बाहेर पडलो, जंगल आहे, उशीर करायचा नसतो. चिखलदऱ्यात रबडी खाल्ली. गवळ्यांच्या म्हशींचं दूध, लोखंडी कढईत आटलेलं, वर सायीचा जाड थर, द्रोणात देतात. शहरातल्या रबडीत जो वास मारतो तो यात नाही. वहिनीनं खवा पण बांधून घेतला. यावर जास्त लिहीत नाही, जाऊन खा.

मग घाट उतरून परतवाडा आणि तिथून बैतूल रोडनं बहिरम. सातपुड्याच्या पायथ्याशी बहिरमबुवाची यात्रा भरते, २० डिसेंबरपासून पुढं महिनाभराच्या वर चालते. आता आकाशपाळणे, कपबशा, चादरी, सगळं असतंच, पण बहिरमला माणूस खरा जातो तो हंडीच्या मटणासाठी आणि रोडग्यासाठी. जुने लोक राहुट्या ठोकून मुक्काम करायचे, काका लहानपणी बैलगाडीनं आलेले, ती गोष्ट आम्ही जाताना ऐकली आणि येताना परत ऐकली.

रोडगे कसे होतात ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. गहू जाडसर दळायचा, मीठ, ओवा, तेलाचं मोहन घालून कणीक घट्ट मळायची. छोट्या छोट्या पुऱ्या लाटून प्रत्येकीला तेल लावत एकावर एक ठेवायच्या, बाहेरून मोठ्या पारीत बंद करून गोळा करायचा. गोवऱ्यांचा जाळ पेटवायचा, ज्वाळा बसली आणि लाल निखारा राहिला की गोळे त्यात सोडायचे, पलटवत राहायचं, मग गरम राखेत दाबून ठेवायचे. बाहेर काढले की फडक्यानं राख झटकायची आणि हातानं दाबून फोडायचे, आतले पदर सुटतात, त्यात तूप. सोबत वांग्याची भाजी, तेलाचा तवंग आलेली, आणि साधं वरण. आणि ज्यांना चालतं त्यांना मातीच्या हंडीतलं मटण, चुलीवर तास न् तास शिजलेलं, काळ्या मसाल्याचं. वहिनी माळकरी घरातली, तिनं वांग्यावर भागवलं आणि खरं सांगू का, त्या दिवशी वांग्यानं मटणाला मागं टाकलं. हे काकांना सांगू नका.

दादा दुसरा रोडगा फोडता फोडता म्हणे तिकडंही असंच असतं, पिठाचा गोळा आणि पातळ भाजी. क्नेडलीक म्हणतात, मैदा, दूध, अंडी, यीस्ट, शिळ्या पावाचे तुकडे, याचा लांबट गोळा करून पाण्यात उकडायचा, आणि दोऱ्यानं चकत्या कापायच्या म्हणजे दबत नाही. त्यावर स्विच्कोवा, म्हणजे मुळं-कंदांसोबत शिजवलेलं बीफ आणि त्याच भाज्यांची साय घातलेली गोडसर ग्रेव्ही, वर क्रॅनबेरी. काकांनी बीफ ऐकून कानाला हात लावला पण गोडसर ग्रेव्ही ऐकून त्याहून जास्त लावला. "तिखट काहीच नाही?" दादा म्हणे मिरी असते. "मंग ते जेवन कायचं, दवाखान्यातलं पथ्य हाय." मांस न खाणारे तिथं काय खातात असं वहिनीला विचारलं, तर म्हणे चीजचा जाड तुकडा ब्रेडक्रम्समधे घोळवून तळतात, सोबत बटाटे, दोन वर्षं तिनं बाहेर गेलं की तेच खाल्लं.

पण एक गोष्ट दादा बोलला ती मला पटली. तिकडं डोंगराखालच्या खानावळीत त्या गावात जे शिजतं तेच मिळतं आणि लोक तेच मागतात. चिखलदऱ्यात हॉटेलात बसलात तर मेनूवर पनीर बटर मसाला, नूडल्स, मंचुरियन. झुणका-भाकर मागितली की वेटर आत जाऊन विचारून येतो. कोरकूंची कुटकी, सावा, ज्वारीची भाकर, ठेचा, मोहाचे लाडू, रोडगे, हे वर्षभर किल्ल्याखाली का मिळू नये? बचतगटाच्या बायांना दोन चुली आणि एक शेड द्या, बाकी त्या बघून घेतील. बहिरमला महिनाभर ओळीनं चुली पेटतात आणि लोक नागपूर-अकोल्याहून गाड्या भरून येतात, म्हणजे खाणारे नाहीत असं तर कोणी म्हणू शकत नाही.

घरी आल्यावर दादानं काकूला विचारलं, ब्रनोच्या फ्लॅटमधे ओव्हनमधे रोडगे जमतील का. काकू म्हणाली, "जमतीन ना. पन त्याले रोडगे म्हनू नको."

जाणाऱ्यांसाठी एवढंच: रविवार टाळा, बहिरमला गाडी लावायला जागा मिळत नाही. गाविलगडाला फुल पँट आणि बूट घाला, कुसळं फार आहेत. प्लास्टिक परत आणा. सोबत स्थानिक पोरगा घ्या आणि त्याला पैसे देताना घासाघीस करू नका. आणि दिल्ली दरवाजात मान वर करा.