किड्रनचे बिनविजेचे दुकान

अमेरिकेतील ओहायो राज्यात, क्लीव्हलंडपासून दक्षिणेला मोटारीने साधारण सव्वा तासावर किड्रन नावाचे लहानसे गाव आहे. १८१९ पासून स्वित्झर्लंडहून येत गेलेल्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या कुटुंबांनी हा परिसर वसवला, आणि शेजारच्या होम्स काउंटीसह हा सारा टापू आज त्याच परंपरेतल्या, साधेपणाने जगणाऱ्या अमिश लोकांच्या सर्वांत मोठ्या वस्त्यांपैकी एक मानला जातो. ‘लेहमन्स’ हे येथील दुकान जे लेहमन यांनी १९५५ साली सुरू केले, ते आसपासच्या अमिश शेतकऱ्यांना विजेशिवाय चालणाऱ्या वस्तू मिळत राहाव्यात म्हणून. ते पाहायचे असे फार दिवस मनात होते, आणि गेल्या शरद ऋतूत तो योग आला.

दुकानाबाहेर मोटारींच्या जागेशेजारीच घोडे बांधण्यासाठी आडवा दांडा आहे. आम्ही गुरुवारी गेलो होतो आणि गुरुवार हा किड्रनच्या गुरांच्या लिलावाचा दिवस, त्यामुळे काळ्या घोडागाड्यांची रांगच लागली होती. आत शिरल्यावर मात्र दुकान कुठे संपते याचा अंदाज येईना. जुन्या लाकडी तुळया-खांबांची दालने एकमेकांना जोडत ते वाढत गेले आहे; एका दालनातून दुसऱ्यात गेल्यावर चुली, तिथून पुढे अवजारे, मग बरण्या, घमेली, पिंपे, आणि छताला टांगलेल्या जुन्या वस्तू असे ते उलगडत राहते.

मी सर्वांत जास्त वेळ रमले ती कंदिलांच्या विभागात. शोभेचे दिवे कुठेही मिळतात. इथे मात्र दिव्यापेक्षा त्याच्या सुट्या भागांना जास्त जागा दिलेली आहे. निरनिराळ्या रुंदीच्या चपट्या वाती, नळीसारख्या गोल वाती, बुडाच्या मापाप्रमाणे लावलेल्या काचा, वात वरखाली करण्याच्या चकत्या, नुसती झाकणेसुद्धा. गवती टोपी घातलेले एक वृद्ध अमिश गृहस्थ घरून आणलेले पितळी बर्नर खिशातून काढून एकेक काच त्यावर बसवून पाहत होते. तिसरी की चौथी काच नेमकी बसली, तेव्हा त्यांनी ती उजेडाकडे धरून तडा नाही ना हे तपासले आणि तशाच आणखी दोन उचलल्या. शेजारच्या ‘अलादीन’ दिव्यात गोल वातीची ज्योत मेंटल नावाच्या जाळीला तापवते आणि पांढरा, स्थिर प्रकाश पडतो; पेट्रोमॅक्ससारखा पंप मारावा लागत नाही, त्यामुळे त्याचा आवाजही होत नाही. त्या उजेडात पुस्तक सहज वाचता येते, हे मी तिथेच वाचून पाहिले.

अमिश लोक यंत्रांना सरसकट नाकारतात, हा समज इथे फार वेळ टिकत नाही. त्यांचा मुख्य आक्षेप आहे तो घर बाहेरच्या वीजवाहिनीला जोडण्यावर, कारण त्या तारेमागोमाग घरात काय काय येईल यावर मग समाजाचा ताबा उरत नाही. कोणती वस्तू चालेल आणि कोणती नाही हे प्रत्येक स्थानिक धर्ममंडळी आपापल्या नियमांनी, ज्यांना ते ‘ऑर्डनुंग’ म्हणतात, ठरवते. म्हणूनच एका घरात रॉकेलच्या दिव्याखेरीज काही नसते, तर काही मैलांवरच्या दुसऱ्या घरात डिझेल इंजिनाने दाबलेल्या हवेवर शिवणयंत्र चालते. प्रत्येक नव्या वस्तूला ‘हिच्यामुळे आपल्या एकत्र राहण्याचे काय होईल’ असा प्रश्न विचारणारे हे लोक मला मागासलेले तर नाहीच, उलट फार सावध वाटले.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे गॅसवर चालणारे फ्रीज. दिसायला ते आपल्या घरातल्यासारखेच, पण त्याच्या पाठीमागे लहानशी ज्योत असते. तिच्या उष्णतेने पाण्यात विरघळलेला अमोनिया वायुरूपात सुटतो, वर जाऊन थंड होऊन द्रव होतो, आणि त्या द्रवाची पुन्हा वाफ होताना तो आतल्या कप्प्यांतली उष्णता शोषून घेतो. नंतर पाण्यात मिसळून फेरा पुन्हा सुरू होतो. ना कॉम्प्रेसर, ना घरघर. आगीने गारवा निर्माण होतो हे शाळेत शिकलेले होते, पण दार उघडून आत हात घातल्यावर खरे आश्चर्य वाटले.

हाताने फिरवायचे कपडे धुण्याचे यंत्र, पिळण्यासाठी त्याला लावलेले दोन रूळ, धान्य दळायची घरघंटी, चेरीच्या बिया काढायचे यंत्र, लोणी काढायची काचेची बरणी हे सारे तिथे मांडलेले आहे. आइस्क्रीमचा लाकडी पॉट दिसल्यावर मात्र आमच्यातली सगळीच मंडळी थबकली. बाहेर बर्फ आणि खडे मीठ, आत दुधाचा डबा, वर दांडा: उन्हाळ्यात आमच्या पुण्याच्या वाड्यात आळीपाळीने फिरवला जाणारा पॉट हुबेहूब असाच होता.

आजचे गिऱ्हाईक केवळ अमिश नाही. वीज न पोहोचलेल्या देशांत काम करणारे मिशनरी, रानात घर बांधून राहणारे, जुन्या काळावरचे चित्रपट करणारे असे अनेक जण इथून माल मागवतात. १९९९ मध्ये, नवे सहस्रक लागताच संगणक बंद पडतील या भीतीने, चुली आणि दिव्यांना प्रचंड मागणी आली होती. साबण, गोळ्या-चॉकलेटे आणि भेटवस्तूंचा विभाग आमच्यासारख्या पर्यटकांसाठी आहे. तिथे मी फारशी रेंगाळले नाही.

जाणाऱ्यांनी रविवार टाळावा, त्या दिवशी दुकान बंद असते. जमल्यास गुरुवार निवडावा आणि निदान अर्धा दिवस हाताशी ठेवावा. अमिश लोकांना स्वतःची छायाचित्रे काढलेली आवडत नाहीत, म्हणून कॅमेरा वस्तूंपुरताच वापरावा. परतताना घोडागाडी पुढे असेल तर चढावर ती ओलांडू नये. समोरचे वाहन दिसत नाही, आणि मोटार अगदी जवळून गेली की घोडाही बुजतो.