माळ काढून ठेवलेला माणूस

आषाढीला मुक्ताईची पालखी खानदेशातून पंढरपूरला जाते, हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. माघात मात्र वाट उलटी वाहते. वद्य एकादशीपासून महाशिवरात्रीपर्यंत मुक्ताईनगरला आणि चांगदेव गावी यात्रा भरते आणि गावोगावच्या दिंड्या पायी मुक्ताईकडे निघतात. आमची जळगावहून निघते. नशिराबाद, साकेगाव, भुसावळ, वरणगाव आणि मग मुक्ताईनगर, म्हणजे जुन्या माणसांचं एदलाबाद. हायवे चौपदरी झाल्यापासून एका कानात मृदंग आणि दुसऱ्या कानात ट्रक, असं चालावं लागतं. पहाटे स्वेटर लागतो आणि दुपारी डांबर तापतं. बाजूच्या शेतात दादर ज्वारी उभी असते, हरभरा घाट्यांवर आलेला असतो, आणि कुणीतरी केळीचा अख्खा घड रस्त्यावर आणून वाटत असतं.

यंदा दिंडीत एक नवा गडी होता. धरणगावकडचा, पन्नाशीतला. टाळकऱ्यांच्या रांगेत तो नव्हता. तुळस घेतलेल्या बायांच्याही मागे, पाण्याच्या टँकरला धरून चालायचा. टाळ कुणी पुढे केला तर हात जोडायचा. गळा मोकळा. वाघूरच्या पुलाजवळ माझ्या टाचेला फोड आला, मी मागे पडलो, तशी आमची गाठ पडली. मी काही विचारलं नव्हतं. त्यानंच गळ्यावरून हात फिरवला आणि अहिराणीत म्हणाला, "माळ देवघरमा शे."

त्याच रात्री भुसावळच्या मुक्कामी कीर्तन झालं. बुवा रंगात होते. माणूस परमार्थात का हरतो, तर मन दुबळं म्हणून, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. श्रोत्यांनी माना डोलावल्या. मला ते पटलं नाही. (कीर्तनात असं मनात आणू नये म्हणतात, पण आलं.) माणूस दुबळा असणार हे वारीनं कधीच गृहीत धरलंय. वीणेकऱ्याकडे बघा. वीणा जमिनीला टेकवायची नाही हा नेम, पण ती एकट्यानंच वाहायची असा नेम नाही. हात भरून आला की वीणेकरी मान किंचित वळवतो, शेजारचा पाया पडून पुढे सरकतो, पट्टा या गळ्यातून त्या गळ्यात जातो. मधे नाम थांबत नाही. थकलेल्याला कुणी थकलास का म्हणून विचारतसुद्धा नाही. हात भरून येणार, हे धरूनच शेजारी माणूस उभा केलेला असतो.

त्या गड्याची गोष्ट त्या दिवसापासून तुकड्यातुकड्यानं ऐकली. बापाच्या वेळेपासून घरात वारी. 2017 साली गुलाबी बोंडअळीनं खानदेशात कपाशीची वाट लावली, त्यात याचीही गेली. डोक्यावर सोसायटीचं कर्ज. त्या धावपळीत एक एकादशी चुकली, मुद्दाम नव्हे, ध्यानातच राहिली नाही. संध्याकाळी कळलं तेव्हा घरात जेवणं झालेली.

"एक एकादशी चुकनी, मंग लाज वाटनी," तो म्हणाला. गोष्ट बिघडली ती इथं. एकादशी चुकल्यानं बिघडली नव्हती. लाजेपायी तो त्या आठवड्यात हरिपाठाला गेला नाही. पुढच्या आठवड्यात भजनी मंडळातल्या कुणी विचारलं, तर शेतात होतो म्हणून सांगितलं. मग त्या माणसाला तोंड द्यायचं टाळू लागला. देवळावरून जायची वाट सोडून नाल्याकडून जाऊ लागला. घरात देवापुढे बसला तरी तोंडातून नाम निघेना, कारण आता हिशेब मागितला जाईल असं वाटायचं. दारू या सगळ्यानंतर आली. पहिल्या घोटाआधी त्यानं माळ काढून देवघरात ठेवली. "माळ घालीसन कसं प्यावं?" हे त्यानं इतक्या सरळ विचारलं की मला उत्तर सुचलं नाही. लोकांना फक्त दारू दिसली आणि सगळे म्हणाले, दारूनं गेला.

त्याचंच एक बोलणं लक्षात राहिलं: ठिबकची नळी निसटली तर केळी त्याच दिवशी वाळत नाही, पानं हिरवी दिसतात, म्हणून मालकाचं ध्यान जात नाही.

मुक्ताईकडे चाललेल्या माणसाला ताटीचे अभंग आठवणारच. जनांनी केलेला अपमान जिव्हारी लागला आणि ज्ञानदेव झोपडीची ताटी, म्हणजे दार, लावून बसले, अशी परंपरेतली कथा. दुखावणं सहज होतं. ज्ञानेश्वरांनाही सुटलं नाही. धाकटी बहीण बाहेर उभी राहून पुन्हा पुन्हा एकच मागणं मागते, "ताटी उघडा ज्ञानेश्वरा". आधी मन शांत करा आणि मग दार उघडा, असा क्रम ती लावत नाही. या माणसाच्या ताटीबाहेर इतकी वर्षं कुणी उभं राहिलं नाही. गावातलं भजनी मंडळही मधल्या काळात मोडलं.

दुसरीकडे त्याच कथांमधला योगी चांगदेव. चौदाशे वर्षांचं योगबळ, वाघावर स्वारी, हातात सापाचा चाबूक. ज्ञानदेवांना पत्र लिहिताना वडील म्हणावं की धाकटा, हे न ठरल्यानं कोरा कागद पाठवला. मुक्ताई म्हणाली, इतकी वर्षं जगूनही कोराच राहिला. उत्तरादाखल पासष्ट ओव्या गेल्या आणि पुढे त्या चिमुरडीलाच त्यानं गुरू केलं. बळ काही कमी नव्हतं त्याच्याकडे. तापी-पूर्णेच्या संगमावर, हतनूर धरणाच्या पसरलेल्या पाण्याकाठी त्याचं देऊळ आहे. मुक्ताईच्या दर्शनानंतर दिंड्या तिकडे जातात.

वरणगावच्या पुढे एका अमळनेरकडच्या आजीनं त्या गड्याला टँकरजवळ रेंगाळताना पाहिलं आणि ओरडली, "चाल भाऊ, मांगे ऱ्हाऊ नको!" तिला त्याची काहीच माहिती नव्हती. तो आमच्या रांगेत आला, पण टाळ घेतला नाही.

एकादशीला मुक्ताईनगरात पोचलो. दर्शनाची रांग लांब होती. भगर आणि शेंगदाण्याची आमटी खाऊन आम्ही रांगेत शिरलो, तर हा आधी दिंडीच्या बुवांकडे गेला आणि नवी माळ मागितली. बुवा म्हणाले, "घरची माळ धड आहे ना? मग नवी कशाला? घरी जाऊन तीच घाल." मग विचारलं, "रोजच्या हरिपाठाला कोण आहे तुझ्याबरोबर?" कुणीच नव्हतं. "मग माळ घालून महिन्याभरात परत काढशील. आधी माणूस बघ. आणि चुकलं तर दुसऱ्या दिवशी यायचं, तोंड लपवायचं नाही."

त्याच्या गावापासून जवळच एका गावात सोमवार-गुरुवारी भजन असतं. तिथला पखवाजवाला माझ्या ओळखीचा. रांगेतूनच त्याला फोन लावला, या गड्याशी बोलायला दिलं आणि नंबर त्याच्या मोबाईलमध्ये टाकून दिला. पखवाजवाल्यानं पहिला प्रश्न विचारला, मोटरसायकल आहे का, कारण रात्री परतायला एसटी नसते.