सातव्या घरातला दोष

माझ्या एअर रायफलमध्ये पेलेट (शिशाची छोटी गोळी) अडकतात, त्याबद्दल मागच्या वेळी "अडकणं मिटलं" असं छातीठोक लिहिलं होतं. ते शब्द परत घेतो. ब्रीच (नळीचं मागचं तोंड, जिथून पेलेट आत जातो) पॉलिश केल्यावर ६० पेलेट लोण्यासारखे गेले आणि रविवारी एकसष्टाव्याला साइडलिव्हर (लोड करायचा बाजूचा दांडा) अर्ध्यातच थांबला. जोर लावला नाही, तेवढी अक्कल दोनदा डबल लोड करून (एका पेलेटमागे दुसरा नळीत कोंबून) आलीय. मॅगझिन (दहा घरांचा फिरता ड्रम) काढलं, नळीच्या तोंडातून पितळी रॉड हळूच सरकवला, पेलेट मागे पडला. स्कर्ट (पेलेटचा मागचा पोकळ घेर) एका बाजूने चेपलेला, डोक्यावर नखाने ओढल्यासारखी चकचकीत रेघ.

आधी नेहमीप्रमाणे डब्यावर खापर फोडलं. ४.५२ मिमी हेडच्या (डोक्याचा व्यास) पेलेटचा डबा बाजूला ठेवून ४.५० चा घेतला, तरी तेच. डिजिटल व्हर्नियरने पन्नासेक पेलेट मोजत बसलो, तो निव्वळ वेडेपणा. व्हर्नियर ०.०१ मिमी दाखवतो, पण त्याची स्वतःचीच चूक ०.०२ ची, आणि शिसं इतकं मऊ की जबड्यात धरलं की दबतंच. हेड साइजसाठी व्हर्नियरवर विसंबणाऱ्यांनो, (मीही त्यातलाच) सोडा ते. नंतर प्रोबची (पेलेट नळीत ढकलणाऱ्या दांडीची) ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, बदलली. ज्याने पाठवली त्याने साइज चुकवली, परत पाठवायला सांगितलं तर फोन उचलत नाही. असो.

वाट दाखवली शेजारच्या काकांनी. वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त, आयुष्य काडतुसांत गेलं. त्यांच्या हातावर अडकलेले चार पेलेट ठेवले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी ते एकेक करून उजेडात फिरवले आणि म्हणाले, "मशीनले काय इचारस भो, गोयीले इचार." (मशीनला काय विचारतोस, गोळीला विचार.) मग समजावलं: काडतुसाचं पितळ बार उडाला की फुगून चेंबरला (नळीतल्या काडतुसाच्या जागेला) चिकटतं आणि दाब उतरला की थोडं मागे येतं, म्हणून रिकामी केस (काडतुसाचं पितळी नळकांडं) निघते. चेंबर खरबरीत असेल किंवा भरताना केस नीट साइज केली नसेल तर तिथेच रुतते. शिसं असं मागे येत नाही. त्याला जिथे खरचटलं, ती खूण तशीच राहते.

चारही पेलेटवर रेघ एकाच बाजूला होती. म्हणजे पेलेटचा दोष नाही, नळीचाही नाही. पेलेट नळीसमोर सरळ उभाच राहत नव्हता. मग मॅगझिन का नाही तपासलं? तपासलं होतं हो, पण अख्खं. एकेक घर नाही.

बायकोची नेलपॉलिश घेतली (लाल नाही मिळाली, मोरपंखी मिळाली) आणि दहाही घरांना नंबर टाकले. दहा फेऱ्या, शंभर पेलेट. तीन अडकले, तिन्ही सातव्या घरातले. पत्रिकेत सातवं घर लग्नाचं असतं, असं नेलपॉलिशच्या मालकिणीला सांगून पाहिलं. संध्याकाळी शेवभाजी मिळाली नाही.

भिंगातून पाहिलं तर सातव्या घराच्या कडेला मोल्डिंगची केसाएवढी धार उरलेली. पेलेट अंगठ्याने बसवताना ती शिसं तासते आणि तो कीस शेजारच्या खाचेत, जिथे डिटेंटची (ड्रम जागेवर अडकवणारी) स्टीलची गोळी बसते, तिथे वर्खासारखा थापला गेलेला. त्यामुळे ड्रम पूर्ण फिरत नव्हता, जरासा अलीकडेच थांबत होता. दातकोरणीने खरवडलं, धार २००० नंबरच्या पॉलिशपेपरने दोनदा पुसली. बस्स. सात महिन्यांचा ताप दोन मिनिटांत.

क्रोनोवर (पेलेटचा वेग मोजायचं यंत्र) फरक लगेच दिसला. आधी ८.४४ ग्रेन वजनाच्या पेलेटला दहा शॉटमध्ये ३१ मीटर प्रतिसेकंदांची तफावत यायची, कारण चेपलेल्या स्कर्टमागून हवा निसटायची. आता ६. तो आकडा मी तीनदा पाहिला.

मेटलचं मॅगझिन मागवणार होतो, ते रद्द. खरं तर हे लिहिता लिहिताच सुचलं, दहा मीटरवर कागदाला मारायचं तर मॅगझिन हवंच कशाला? अर्ध्या मिलिमीटरच्या दहा गुणांच्या ठिपक्यासाठी एकेक पेलेट हाताने ठेवणंच बरं. एमआयडीसीतल्या लेथवाल्याला डेलरिनचा (टणक प्लास्टिकचा) सिंगल शॉट ट्रे, म्हणजे मॅगझिनच्या जागी एकेक पेलेट ठेवायची पट्टी, दाखवायला आत्ताच माप काढलं. तीन दिवसांत देतो म्हणालाय. म्हणजे पोळा झाल्यावर बघू.